झोराची सुटका आणि अर्धी दाढी

पाणीखात्याचे हेडक्लार्क मुंझिर हलवानी रशियन शिकायला बसले आणि त्यापायी दमास्कसच्या आमच्या मैदान मोहल्ल्यातल्या खाटकाने न्हाव्याचं तोंड बघणं सोडलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं कोणालाही वाटेल. मुंझिर हलवानींनाही तसंच वाटत होतं, आणि ते भल्या माणसाला साजेशा आवाजात सगळ्यांना पटवूनही देत होते. पण तोवर प्रकरण हाताबाहेर गेलं होतं.

मोहल्ल्यात त्यांना मुंझिर म्हणणारं कोणी उरलेलं नव्हतं. आमच्याकडे पहिला मुलगा झाला की बापाचं स्वतःचं नाव बासनात जातं. नदीमचा जन्म झाला त्या दिवसापासून हलवानी हे अबू नदीम झाले, म्हणजे नदीमचा बाप. त्यांची बायको उम्म नदीम झाली. ऑफिसात ते ‘हलवानी अफंदी’ होते, आणि ज्यांचं पाणी त्यांनी कधी ना कधी तोडलं होतं ते सगळे पाठीमागे त्यांना ‘तोटी’ म्हणत. हे शेवटचं नाव आपल्याला ठाऊक नाही असं ते दाखवत असत.

हा नदीम धरणं बांधायचं शिकायला रशियात गेला आणि तिथेच गालिना नावाच्या मुलीशी लग्न करून मोकळा झाला. लग्न केलं याचं अबू नदीमना इतकं काही वाटलं नसतं. पण ती बातमी त्यांच्या आधी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला कळली, कारण त्याचा भाचाही तिथेच शिकत होता. औषधवाल्याने दुकानाबाहेर येऊन भर रस्त्यात अभिनंदन केलं, आणि अबू नदीमना ‘कशाबद्दल?’ असं विचारावं लागलं. ते ‘कशाबद्दल’ त्यांच्या घशात अडकलं ते वर्षानुवर्षं निघेना. नदीमचा फोन आला की उम्म नदीम बोलायची आणि हे शेजारच्या खोलीत पेपर धरून बसायचे. पेपर उलटा असे, पण बाणा सरळ होता.

एके दिवशी उम्म नदीम गच्चीवर चादरी वाळत घालायला गेलेली, आणि फोन वाजला. अबू नदीमनी नाइलाजाने उचलला. पलीकडून आधी एक बारीकसा खोकला आला, मग “अल्यो?” असा एवढासा आवाज, आणि लाइन तुटली. संपलं. माणूस गारद झाला. संध्याकाळी बायकोला म्हणाले, “लहान मुलांना खोकला झाला की बडीशेपेचं पाणी द्यावं, एवढं सांग तुझ्या मुलाला.”

“तुम्हीच सांगा की.”

“मी कशाला? मी बोलत नाही त्याच्याशी.”

पण पुढच्या फोनला ते उठून दारात उभे राहिले. त्या फोनवर दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे नदीम उन्हाळ्यात बायको-मुलांना घेऊन महिनाभर येतो आहे. दुसरी म्हणजे मुली दोन आहेत. लाइनीत खरखर फार. नदीम म्हणत होता, मीला फार हट्टी झाली आहे, आणि मागून गालिना ओरडत होती, ल्यूस्या, खाली उतर! उम्म नदीमने हिशोब लावला की जुळ्या आहेत. पाठवलेल्या फोटोत एकच मुलगी दिसते याचंही उत्तर तिच्याकडे होतं. “दुसरी रुसली असेल. आपल्या घराण्यातली आहे.” हे म्हणताना तिने नवऱ्याकडे पाहिलं. मग दोन बाहुल्या आल्या, दोन फ्रॉक शिवले गेले आणि सुताराकडून दोन छोटे पलंग आले. जुळ्या नातींबद्दल अबू नदीमचं अभिनंदन औषधवाल्याच्याही आधी सगळ्या मोहल्ल्याने केलं, आणि ते त्यांनी फार मोठेपणाने स्वीकारलं.

फक्त एक अडचण होती. पोरींना अरबीचा एक शब्द येत नव्हता.

“महिनाभर राहून जातील,” उम्म नदीम म्हणाली. “तिकडे जाऊन मैत्रिणींना सांगतील, आमचा एक आजोबा आहे, जाडा आहे आणि नुसती मान हलवतो.”

हे त्यांना लागलं. आयुष्यभर ज्या माणसाने अर्जांवर शेरे मारले, त्याला स्वतःच्या नातीपुढे मुक्याने बसावं लागणार होतं. नदीमशी काय बोलायचं ते पुढचं पुढे, पण पोरींना मांडीवर घेऊन एक तरी गोष्ट सांगता आली पाहिजे, आणि तीही त्यांच्या भाषेत, असं त्यांनी मनाशी घेतलं. बाहेर मात्र सांगताना ते म्हणायचे, “काही नाही, निवृत्ती जवळ आली, डोकं चालतं ठेवायचं.”

सल्ल्यांची आमच्याकडे कधी टंचाई नसते. खाटीक अबू खलील म्हणाला, झोपताना त्यांचा रेडिओ कानाशी लावा, भाषा मांसात मसाला मुरतो तशी मुरेल. अबू नदीमनी तसं केलं, आणि उम्म नदीम माहेरी जायची भाषा करू लागली. न्हावी उस्ताद जुमआ म्हणाला, जे लोक जे खातात त्यावर त्यांची जीभ वळते, तुम्ही कोबी खा. कोबी खाऊन जीभ वळली नाही, दुसरंच काहीतरी वळलं, आणि त्याची वाच्यता ऑफिसात झाली. औषधवाल्याकडे स्मरणशक्तीच्या गोळ्या होत्या. त्या घ्यायचं अबू नदीम नेमाने विसरत.

अखेर खरा सल्ला मिळाला तो दातांच्या डॉक्टर लुत्फींकडे. हे स्वतः लेनिनग्राडला शिकून आलेले. त्यांनी अबू नदीमचं तोंड उघडं ठेवून, दाढेत यंत्र फिरवता फिरवता व्याख्यान दिलं, त्यामुळे हरकत घ्यायला जागाच राहिली नाही. “व्याकरण फेकून द्या. पाठांतर बंद. गोष्टी वाचा! मजेसाठी वाचा! शब्द अडला तर कोश उघडायचा नाही, अडलं ते ओलांडून पुढे जायचं. पुढे काय झालं याची हुरहुर लागली पाहिजे. हुरहुर लागली की भाषा आपण होऊन येते. थुंका.”

अबू नदीम थुंकले आणि थेट परदेशी पुस्तकांच्या वाचनालयात गेले. तिथल्या खिडकीत अर्ज होता. पुस्तक कशासाठी हवं याचे त्यात तीन रकाने होते: शिक्षण, व्यापार, उपचार.

“मजेसाठी हवंय,” अबू नदीम म्हणाले.

“मजा कुठल्या रकान्यात टाकू?” खिडकीतल्या माणसाने विचारलं.

असले प्रश्न विचारण्यात अबू नदीमनी स्वतः अख्खी नोकरी घालवली होती. पण काचेच्या या बाजूने तो प्रश्न फारच बिनडोक वाटला. “वयाचा मान ठेवा जरा,” ते म्हणाले. खिडकीतल्या माणसाने वयाचा मान ठेवला आणि खिडकी बंद केली. शेवटी डॉक्टर लुत्फींनी दाखला लिहून दिला की सदर रुग्णास रशियन गोष्टींची आवश्यकता आहे, आणि अर्ज ‘उपचारा’त बसला. वाचनालयाने वर शिक्का मारला: आजार बरा होताच पुस्तक परत करावे.

पहिलं पुस्तक मिळालं ते एका साळिंदराचं. साळिंदराला सफरचंद सापडतं, बस्स. मोठी अक्षरं, पानभर चित्रं. अबू नदीमनी ते ऑफिसात ड्रॉवरमध्ये ठेवून वाचायला घेतलं, आणि सफरचंदाचं पुढे काय होतं या हुरहुरीत त्यांना साहेब मागे येऊन उभे राहिल्याचं कळलं नाही. साहेबांनी चित्र बघितलं, अबू नदीमकडे बघितलं, आणि अतिशय मायेने विचारलं, “हलवानी अफंदी, रजा हवी आहे का?”

दुसऱ्याच दिवशी साळिंदर परत गेलं. अबू नदीमनी खिडकीतल्या माणसाला बजावलं, मला माझ्या वयाचं आणि हुद्द्याचं पुस्तक द्या. त्याने एक विटेएवढी जाड कादंबरी काढून दिली. तिचं पुठ्ठ्याचं कव्हर कधीच गळून पडलं होतं, त्यामुळे तिचं नाव काय ते शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही.

आता खरं सांगायचं तर या पद्धतीत तथ्य होतं. पहिले काही आठवडे नुसती मुंग्यांची रांग दिसे. मग रांगेतली एकेक मुंगी ओळखू येऊ लागली. एक रेल्वे स्टेशन आहे. बर्फ पडतो आहे. वेरा नावाची मुलगी आहे. झोरा नावाचा तरुण आहे, तो गातो, पितो, वेराच्या आईला हसवतो. आणि गिओर्गी पाव्लोविच नावाचा एक स्टेशनमास्तर आहे, पितळी बटणांचा कोट घालतो, तो आला की सगळे उठून उभे राहतात. बर्फ पडतो आहे. झोराचा वेरावर जीव आहे. अरेच्चा! पाव्लोविचचाही आहे!

फोन आला की आता अबू नदीम धावत जाऊन उचलू लागले. नदीमशी अजूनही बोलणं नव्हतं, नदीमचा आवाज आला की ते म्हणत, “पोरीला दे.” मग एक खोल श्वास घेऊन, येत होतं त्यातलं उत्तमातलं उत्तम वाक्य ते रशियनमध्ये म्हणत: “शुभ संध्याकाळ, बाईसाहेब. बर्फ पडतो आहे.” बाहेर दमास्कसचा उन्हाळा रस्त्याचं डांबर वितळवत होता. पलीकडे मात्र एक छोटंसं माणूस हसून लोळायचं. कधी मीला असेल कधी ल्यूस्या, आवाज अगदी एकसारखा, जुळ्याच त्या.

इथवर सगळं सुरळीत होतं. घोळ झाला तो कहवाखान्यात.

आमच्या कहवाखान्यात एक उंच खुर्ची आहे. पिढ्यान् पिढ्या संध्याकाळी त्या खुर्चीवर कहाणीवाला बसतो आणि जुन्या शूरवीरांच्या कथा सांगतो. नेमका त्या उन्हाळ्यात आमचा कहाणीवाला डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्यायला लेकीकडे हलब शहरात गेला होता. खुर्ची रिकामी होती आणि माणसं नुसती हुक्का ओढून एकमेकांना कंटाळली होती. अबू नदीम कोपऱ्यात ती वीट उघडून बसलेले बघून अबू खलीलने सहज विचारलं, “काय चाललंय तुमच्या त्या रशियनांचं?”

अबू नदीमनी सांगितलं. वेरा सांगितली, झोरा सांगितला, आणि पाव्लोविच जिना चढून वेराच्या दाराशी येतो तिथवर येऊन गप्प झाले.

“मग?”

“मग काय? इथपर्यंतच वाचलंय.”

कहवाखान्यात असा हुंकार उठला की कित्येक वर्षांत उठला नसेल. कहाणीवाल्याची हीच तर खरी कला, ऐन मोक्यावर थांबायची! जुन्या कहाणीवाल्यालाही इतकं निर्दयपणे थांबता येत नसे. दुसऱ्या दिवशी त्यांना उचलून उंच खुर्चीवरच बसवलं. अबू नदीम “अहो, मी सरकारी माणूस” वगैरे म्हणाले, पण खुर्चीवर बसल्यावर पाय हलवून बघितले, आणि जागा त्यांना मानवली.

आमच्या माणसांची एक खोड आहे. गोष्ट ऐकायची म्हणजे बाजू घ्यायची. आठवडा उलटायच्या आत कहवाखान्याची फाळणी झाली. उजवीकडे अबू खलील खाटीक आणि झोरावाले: कसाई, हमाल, टॅक्सीवाले, आणि ज्यांनी प्रेमात मार खाल्ला होता ते सगळे. डावीकडे उस्ताद जुमआ न्हावी आणि पाव्लोविचवाले: कारकून, शाळामास्तर, आणि ज्यांना लग्नाच्या मुली होत्या ते सगळे.

“मुलगी कोणाला द्यायची?” उस्ताद जुमआ म्हणायचा. “जो गातो त्याला, की ज्याला पेन्शन आहे त्याला?”

“तुझ्या पाव्लोविचच्या कोटात बटणं आहेत, आत काळीज नाही!”

“तुझ्या झोराच्या खिशात काय आहे ते सांग आधी. भोक?”

अबू नदीमना या भांडणाची भारी गंमत वाटायची. फक्त एका गोष्टीचं त्यांना नवल होतं. हे दोघे एकाच गावात, एकाच मुलीच्या दारात, पण कधी एकमेकांशी एक शब्द बोलत नाहीत. “इतकं वैर!” ते खुर्चीवरून सांगत, आणि दोन्ही बाजूंच्या अंगावर काटा येई. एकदाच काय ती गाठ पडली. पाव्लोविच आरशापुढे उभा राहून कोटाची बटणं लावतो, वर बघतो, तर आरशात झोरा! पाव्लोविच म्हणतो, झोरा, झोरा, तू माझं वाटोळं केलंस.

“मागून आला चोर!” डावी बाजू ओरडली.

“हिंमत लागते तसं यायला!” उजवी बाजू ओरडली.

त्या संध्याकाळी तीन पेले फुटले, आणि कहवाखान्याच्या मालकाने अबू नदीमना फुकट चहा चालू केला.

मग गुरुवार आला. गाडीतून काही खोकी नाहीशी होतात, चौकशी होते, गिओर्गी पाव्लोविच एका कागदावर सही करतो, आणि पुढच्याच ओळीत झोरा तुरुंगात. अबू नदीम तिथे थांबले, कारण पुढे पानंच्या पानं नुसता बर्फ पडत होता आणि त्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी अबू नदीम तेल-लिंबात कालवलेल्या वालाच्या दाण्यांचा मुदम्मस घेऊन, रोटीचा पहिला तुकडा मोडत होते. दारावर थाप पडली. अबू खलील उजवी बाजू घेऊन जिन्यात उभा होता. वरपासून खालपर्यंत माणसंच माणसं. नायकाला तुरुंगात ठेवून कहाणीवाला घरी गेला तर त्याच्या दारात जाऊन सुटका करून घ्यायची, ही आमच्याकडची जुनी रीत आहे. पण ती रीत आपल्या दारात आली की तिचं कौतुक वाटत नाही.

“झोराला सोडवा,” अबू खलील म्हणाला. “रात्रभर डोळ्याला डोळा नाही. माझ्या बायकोने सैपाक केला नाही.”

“मी कसा सोडवणार? पुढे बर्फ आहे.”

“बर्फ पडायचा थांबेल ना कधीतरी?”

“अहो, पुस्तकात जेवढा लिहिलाय तेवढा पडणारच!”

“जुना कहाणीवाला असता तर दोन शब्द टाकून सोडवलं असतं बिचाऱ्याला.”

“मी हेडक्लार्क आहे,” अबू नदीम ताठ होऊन म्हणाले. “कागदावर नाही ते माझ्या तोंडून निघायचं नाही.”

अबू खलील जिना उतरून गेला. पण त्या दिवसापासून उम्म नदीमला दुकानातून फक्त हाडं मिळू लागली. “झोरा आत आहे तोवर मांस नाही,” तो अदबीने सांगायचा. “ही सूप करायला न्या, वहिनी, तुमचा माझ्यावर राग नसावा.” तिकडे अबू खलील आणि उस्ताद जुमआ यांचं बोलणं साफ तुटलं. खाटीक केस कापायला न्हाव्याकडे जाईना, त्यामुळे तो जंगलातून आल्यासारखा दिसू लागला. न्हावी खाटकाचं मांस घेईना आणि मसूर खाऊन वाळू लागला. अबू नदीमनी बर्फातून वाट काढायची शिकस्त केली. कोश उघडायला बंदी होती, डॉक्टर लुत्फींना विचारायला गेले तर ते म्हणाले, “सांगणार नाही. हुरहुर लागलीय ना? उत्तम! आ करा.”

अबू नदीम न्हाव्याकडेही जाईनात, कारण त्या खुर्चीवर बसलं की गळ्याशी वस्तरा धरून डावी बाजू काय विचारेल याचा भरवसा नव्हता. दाढी वाढत गेली, पांढरीशुभ्र आणि काटेरी. साळिंदराने असा सूड घेतला, असं उम्म नदीम म्हणाली.

आणि पाहुणे यायचा दिवस उजाडला. पोरींपुढे असा अवतार घेऊन जाणार का, म्हणून बायकोने त्यांना ढकलत न्हाव्याकडे पाठवलं. उस्ताद जुमआने फेस लावला आणि उजवा गाल एकदम तुकतुकीत करून दिला. मग वस्तरा पट्ट्यावर घासत तो शांतपणे म्हणाला, “अबू नदीम, मित्र म्हणून विचारतो. झोराला सोडणार आहात का?”

“जुमआ, बाकीची कर.”

“करतो ना. आधी ऐकू द्या. खाटकाने हाडं दिली म्हणून तुम्ही वाकलात असं लोक बोलतात.”

“मी वाकणारा माणूस आहे का? अरे, मला स्वतःलाच कळलेलं नाही तो सुटतो की—”

एवढ्यात रस्त्यावर आरडाओरडा झाला. “आले! आले! नदीम आला!” अबू नदीम ताडकन उठले आणि गळ्याला फडकं, एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर काटे नि फेस, असे बाहेर धावले. मागून वस्तरा घेऊन उस्ताद जुमआ. समोरून सुरी घेऊन अबू खलील, कारण तोही हातातलं काम टाकून पळत आला होता. परदेशातून पहिल्यांदाच आलेल्या सुनेला सासरचं पहिलं दर्शन हे असं झालं.

टॅक्सीतून नदीम उतरला. केस विरळ झाले होते. बाप-लेक एकमेकांसमोर उभे राहिले आणि दोघांनीही सामानाकडे बघितलं. मग गालिना उतरली. मग एक मुलगी उतरली, दोन वेण्यांची, गुडघ्याला खरचटलेली. उम्म नदीम दोन्ही हातांत दोन बाहुल्या धरून उभी होती. तिने मुलीला जवळ घेतलं, पापे घेतले, आणि टॅक्सीत वाकून बघितलं. आत फक्त ड्रायव्हर होता.

“ल्यूस्या कुठाय रे?” तिने नदीमला विचारलं.

“ही काय, आई.”

“मग मीला?”

“हीच की.”

“अरे, ही ल्यूस्या ना?”

“हो. मीलाच ही.”

उम्म नदीमचा चेहरा उतरला. “नदीम, काय लपवतोयस? दुसऱ्या पोरीचं काय झालं?” मागे उभ्या बायकांपैकी एकीने तर रडायलाही सुरुवात केली. नदीमला बिचाऱ्याला काहीच कळेना. दोन बाहुल्या, रडणाऱ्या बायका, सुरीवाला खाटीक, वस्तरेवाला न्हावी, आणि अर्ध्या तोंडाचा बाप. अखेर एकदाचा उलगडा झाला. “आई, एकच मुलगी आहे! तिचं कागदावरचं नाव लुद्मिला. मी मीला म्हणतो, तिची आई ल्यूस्या म्हणते. तिकडे प्रत्येकाचं असंच असतं. घरचं नाव वेगळं, बाहेरचं वेगळं, आणि मान द्यायचा असला की बापाचं नाव पुढे लावून हाक मारायची.”

हे ऐकलं आणि अबू नदीम कहवाखान्याबाहेरच्या बाकावर मटकन बसले. त्यांच्या डोळ्यांपुढे एक आरसा आला. आरशापुढे बटणं लावणारा माणूस आला. त्यांनी मान वर करून सुनेकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा, समोर उभ्या माणसाला, रशियनमध्ये प्रश्न विचारला.

“बाईसाहेब, गिओर्गी पाव्लोविच. घरी त्याला काय म्हणतात?”

गालिना चकित झाली. “गिओर्गीला? झोरा म्हणतात,” ती म्हणाली.

अबू नदीमचा रंग उडाला, निदान ज्या गालावरचा दिसत होता त्या गालावरचा. अबू खलील आणि उस्ताद जुमआ दोघेही वाकले. “काय म्हणाली? आमच्या माणसाचं नाव घेतलं तिने!”

सांगणं भाग होतं. कागदावर नाही ते तोंडून काढायचं नाही, म्हणजे कागदावर आहे ते काढलंच पाहिजे. “झोरा आणि पाव्लोविच,” ते म्हणाले, “एकच माणूस आहे.”

टॅक्सीवाल्याने इंजिन बंद केलं.

“मग तुरुंगात कोण आहे?” अबू खलीलने विचारलं.

“दोघंही.”

“आणि बाहेर?” उस्ताद जुमआने विचारलं.

“बाहेर कोणीच नाही.”

“म्हणजे माझा पाव्लोविच इतके दिवस आत आहे? या थंडीत?” उस्ताद जुमआचा आवाज फुटला. “आणि मी इथे खुशाल बसून ‘बरी खोड मोडली’ म्हणत होतो!”

“आणि मी त्याला रोज शिव्या घालत होतो,” अबू खलील म्हणाला. “माझ्याच झोराला!” त्याने न्हाव्याकडे बघितलं, न्हाव्याने त्याच्या जटांकडे बघितलं, आणि दोघांच्या लक्षात एकाच वेळी आलं की यात तिसरा एक माणूस दोषी आहे. ते अबू नदीमकडे वळले. एकाच्या हातात सुरी, दुसऱ्याच्या वस्तरा. “तुम्ही आम्हाला फसवलंत!”

अबू नदीम उठून उभे राहिले. घायाळ झाला तरी माणूस हेडक्लार्क होता. “अबू खलील, पाणीखात्याच्या बिलावर तुझं नाव काय?”

“महमूद.”

“दुकानात?”

“अबू खलील.”

“आणि पोरं पाठीमागे काय म्हणतात?”

“डोंगर,” अबू खलील खाली बघून म्हणाला.

“मग एवढ्या वर्षांत तुझ्या दुकानात तीन खाटीक आहेत असं कोणाला वाटलं? तुम्हाला कोणाला एकदाही शंका आली नाही, आणि मलाच का यायला हवी होती?”

“तोटीचं म्हणणं बरोबर आहे,” मागून कोणीतरी म्हणालं, आणि सगळा रस्ता हसायला लागला. अबू नदीमना आज ते नाव ऐकू आलं नाही असं दाखवायचं भानही राहिलं नाही. अबू खलीलने सुरी कमरेला खोचली आणि नजर चुकवत न्हाव्याला म्हणाला, “संध्याकाळी कलेजी पाठवतो. मसूर खाऊन पार काडी झालायस.”

या सगळ्या गोंधळात पोरगी बाकावर चढून अबू नदीमच्या अगदी समोर येऊन उभी राहिली होती. तिने त्यांच्या गुळगुळीत गालावर हात ठेवला. “तू बर्फवाला आजोबा ना?” तिने तिच्या भाषेत विचारलं.

अबू नदीमना प्रत्येक शब्द कळला. एकही ओलांडावा लागला नाही. “हो,” ते म्हणाले. “शुभ संध्याकाळ, बाईसाहेब.”

ती खिदळली. मग तिने दुसऱ्या गालाकडे बघितलं, फेसातून वर आलेल्या काट्यांना बोट लावलं आणि हळूच, भीत भीत विचारलं, “आणि तो रागावलेला आजोबा? जो फोनवर येत नाही? तो कुठे आहे?”

नदीमने मान फिरवली. रस्त्यावर त्या प्रश्नाचा अर्थ कळलेली मोठी माणसं तिघंच होती. अबू नदीमचे डोळे भरून आले. पोरीला दोन आजोबा आहेत, एक चांगला नि एक रागीट, आणि दोघांचं आपसात जमत नाही, असं तिने आपलं आपण ठरवून टाकलं होतं. तिला तरी कोणी सांगितलं होतं?

मग त्या जाड पुस्तकातलं, कधीकाळी बर्फात ठेचाळत वाचलेलं एक वाक्य आपसूक ओठांवर आलं, सगळ्या प्रत्ययांसकट. “तो संध्याकाळच्या गाडीने निघून गेला,” ते म्हणाले. “तो आता परत येणार नाही.”

पोरीने सुटकेचा श्वास टाकला आणि त्यांच्या मांडीवर बसकण मारली.

“काय म्हणाली? काय म्हणाली?” दोन्ही बाजू एकदम ओरडल्या.

“काही नाही,” अबू नदीम म्हणाले. “तिला दाढी टोचली. जुमआ, इकडे ये. ही राहिलेली बाजू आत्ताच्या आत्ता काढून टाक.”

“इथे? रस्त्यात?”

“इथेच.”

उस्ताद जुमआने वस्तरा पुसला. फेसाचं भांडं धरायला कोणीतरी हवं होतं. नदीम पुढे झाला, त्याने बाह्या वर सारल्या, भांडं हातात घेतलं आणि बापाच्या शेजारी बाकावर बसला.

“बाबा,” तो म्हणाला, “हनुवटी जरा वर करा.”

“करतो,” अबू नदीम म्हणाले. फोनवरचं “पोरीला दे” सोडलं तर मुलाशी इतक्या वर्षांत बोललेला तो त्यांचा पहिला शब्द होता, आणि तो त्यांनी साध्या अरबीत म्हटला.